बेलफास्टची ब्लॅक टॅक्सी टूर: ग्रुपने जात असाल तर कराच

युनिव्हर्सिटी सुरू व्हायच्या आधी पहिल्या दिवशी काय बघायचं यावर आमच्या ग्रुपमध्ये बरीच वादावादी झाली, निम्म्या पब्लिकला टायटॅनिक म्युझियम हवं होतं, शेवटी ब्लॅक टॅक्सी टूर ठरली आणि ते बरंच झालं. गाडी लंडन स्टाईलची काळी टॅक्सी, मागे समोरासमोर तोंड करून बसायचं, उलट्या सीटवर ज्याला गाडी लागते त्याला बसवू नका. एकट्यादुकट्याला महाग पडते, पाच-सहा जणांत वाटून घेतली तर परवडते.

या टॅक्सींचीच एक स्टोरी आहे. सत्तरच्या दशकात दंगलींत बस जाळायला लागले, बससेवा बंद पडायची, मग लोकांनी लंडनच्या जुन्या टॅक्सी आणून फॉल्स आणि शँकिल रोडवर सीटवर चालवायला सुरुवात केली, आपल्याकडच्या शेअर टॅक्सीसारखंच. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनचाच भाग. फॉल्स म्हणजे कॅथलिक, हा भाग आयर्लंडमध्ये जायला हवा म्हणणारे, आणि शँकिल म्हणजे प्रोटेस्टंट, ब्रिटनसोबतच राहणार म्हणणारे. दोन्ही रस्ते चालत जाण्याइतके जवळ आणि मधे भिंत. शँकिलला युनियन जॅक आणि घोड्यावरचा जुना प्रोटेस्टंट राजा विल्यम, फॉल्सला आयरिशमधल्या पाट्या आणि बॉबी सँड्सचं म्युरल, आयर्लंडसाठी हत्यारं उचलणाऱ्या IRA चा माणूस, जो 1981 मध्ये तुरुंगात 66 दिवस उपोषण करून वारला, आणि उपोषण चालू असतानाच खासदार म्हणून निवडूनही आला होता. गाडीतून उतरून बघायला भरपूर वेळ देतात, घाई नाही.

पण टूरचे पैसे खरे वसूल झाले ते बॉम्बे स्ट्रीटला. हो, बॉम्बेच! शेजारी कश्मीर रोड, कानपूर स्ट्रीट. पाटी बघून आम्ही येड्यासारखे सेल्फी काढत होतो, ड्रायव्हरकाकांनी ते होऊ दिलं आणि मग सांगितलं की 15 ऑगस्ट 1969 ला शँकिलकडच्या जमावाने ही कॅथलिक गल्ली जाळली होती. 15 ऑगस्ट म्हटल्यावर सगळे एकदम गप्प. त्यानंतर महिन्याभरात इथे पहिल्या भिंती यायला लागल्या, तात्पुरत्या म्हणून! आज बर्लिनच्या भिंतीपेक्षा जास्त वर्षं झालीत त्यांना. खाली काँक्रीट, वर पत्रा, त्याच्यावर जाळी, दर वेळी थोडी उंच करत नेलेली, आणि घरांच्या मागच्या अंगणांवर पिंजऱ्यासारख्या जाळ्या, पलीकडून दगड-बाटल्या येतात म्हणून. 1998 ला दोन्ही बाजूंत समेटाचा गुड फ्रायडे करार झाला तरी भिंतीतल्या काही रस्त्यांची गेट अजून रात्री बंद होतात. सरकारने 2023 पर्यंत सगळ्या भिंती काढायचं म्हटलं होतं, ते राहूनच गेलं.

एक स्टार कापतोय तो मार्करसाठी. भिंतीपाशी गाडी थांबवून हातात मार्कर देतात, नाव लिहा म्हणून. साडेतीन हजारच्या वर माणसं गेली त्या भांडणात आणि आपण त्या भिंतीवर 'जय महाराष्ट्र' लिहायचं? आमच्यातल्या दोघांनी लिहिलंच, तो वाद हॉस्टेलवर रात्रीपर्यंत चालला.

दुसरं म्हणजे ड्रायव्हर इथलाच, म्हणजे तो कुठल्या बाजूचा हे बोलण्यातून कळतंच. आमचे काका गोड बोलायचे, खरंच प्रामाणिकपणे दोन्हीकडचं सांगत होते, पण एका बाजूच्या मेलेल्यांची नावं पाठ आणि दुसऱ्या बाजूचे नुसते आकडे असं झालं. पटत नसेल तर पायी टूर करा, त्यात फॉल्सची बाजू तिकडचाच, त्या भांडणात तुरुंगात गेलेला माजी कैदी दाखवतो आणि भिंतीशी ग्रुप समोरच्या बाजूच्या माजी कैद्याच्या ताब्यात देतो. आम्ही ती पुढच्या महिन्यात करणार आहोत, चालायची तयारी ठेवा.

बुकिंग आधी करा, ग्रुप मोठा असेल तर दोन गाड्या सांगा आणि ड्रायव्हर वेगवेगळ्या बाजूचे मिळतात का ते विचारून बघा. छत्री नको, वारा टिकू देत नाही, रेनकोट घ्या. शुक्रवार ते रविवार असेल तर शेवटी सेंट जॉर्जेस मार्केटला सोडायला सांगा, जेवायचं तिथेच उरकतं.