लॉनमधल्या क्रॅबग्रासवर पेंडीमिथॅलिन : तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

जळगावात आमच्या घरासमोर सुमारे सहाशे चौरस फुटांचे ‘सिलेक्शन नंबर एक’चे लॉन आहे. दर पावसाळ्यात त्यात फिकट पोपटी रंगाचे एक गवत माजत असे, ज्याच्या फांद्या खेकड्याच्या पायांसारख्या जमिनीलगत चहूकडे पसरतात आणि ज्याला त्यामुळेच इंग्रजीत क्रॅबग्रास म्हणतात. पहिल्या वर्षी मी त्याला हराळीच समजलो. हे लॉन स्वतःच हराळीच्या कुळातले, शिवाय दोन्ही गवतांचे तुरे हाताच्या बोटांसारखे फुटत असल्यामुळे ही गफलत सहज होते. गुडघे टेकून पाहिल्यावर फरक कळला : याचे पान अधिक रुंद, खोडाला वेढणाऱ्या भागावर बारीक पांढरी लव आणि बुंधा जांभळट. हराळीसारखी जमिनीखाली पसरणारी कांडी याला नसतात, म्हणून वाफशावर ओढले तर कोवळे रोप मुळासकट हातात येते.

हे गवत वर्षायू असल्याने त्याचा सारा जोर बियांवर असतो आणि एक मोठे झाड लाखाहून अधिक बी टाकू शकते. म्हणजे बंदोबस्त करायचा तो उगवण्याआधीच. पेंडीमिथॅलिन ३० टक्के ई.सी. (पाण्यात मिसळल्यावर दुधाळ होणारे तेलकट द्रावण) हे तणनाशक नेमके तेवढेच काम करते : अंकुराच्या मुळाच्या व शेंड्याच्या पेशींचे विभाजन थांबवते. खान्देशातल्या कपाशीवाल्यांना हे औषध नवे नाही. पेरणीनंतर, पीक व तण उगवण्यापूर्वी, ते मारण्याची पद्धत जुनीच आहे. तरीही एका कृषी केंद्रातून मला जुलैत, गवत वीतभर वाढलेले असताना, ‘यावरच मारा’ असे सांगून बाटली देण्यात आली आणि अर्थातच काहीही झाले नाही. दोष औषधाचा नव्हता, वेळेचा होता.

पुढच्या वर्षापासून मी रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मृगाचा पाऊस येण्याच्या आत, फवारणी करतो. आपल्याकडे जमीन मार्चपासूनच तापलेली असते. बियाणे अडून बसते ते ओलाव्यासाठी. हेक्टरी एक किलो सक्रिय घटक, म्हणजे बाटलीतला प्रत्यक्ष तण मारणारा ३० टक्के भाग, धरला तर माझ्या लॉनला साधारण १८ मिलीलीटर औषध लागते. ते मी सिरिंजने मोजतो, तीन लीटर पाण्यात मिसळतो आणि हातमोजे घालून, सपाट फवारा देणाऱ्या कट नोझलने, मागे सरकत फवारतो. त्यानंतर हलके पाणी द्यावेच लागते, कारण उन्हात उघडे पडलेले औषध उडून जाते व निकामी होते. परिणाम दीड-दोन महिने टिकतो. पूर्वी टोपल्या भरून गवत निघत असे. गेल्या पावसाळ्यात मोजून बावीस रोपे काढली, तीही बहुतेक फरशीच्या कडेला, जिथे लॉन विरळ आहे.

उणिवा आहेत. लव्हाळ्यावर याचा उपयोग नाही. फवारणीनंतर काही महिने नवे बी पेरता येत नाही, आणि लॉनचे ताजे तुकडे लावले तर त्यांची मुळे धरत नाहीत. औषध माशांसाठी फार विषारी असल्याने विहीर वा हौदाजवळ ते नकोच. माझ्या बाटलीवरच्या पत्रकात पिकांची मात्रा दिली आहे, लॉनचा उल्लेखही नाही, त्यामुळे हा हिशेब माझा मलाच करावा लागला. शिवाय त्याचा पिवळा डाग असा चिकट, की आमच्या पायरीवर पहिल्या वर्षीचा शिंतोडा अजून दिसतो.

एकट्या औषधावर विसंबूही नये. मी पूर्वी लॉन अगदी खरडून कापत असे, त्यामुळे ऊन थेट मातीवर पडून बियांना आयतीच संधी मिळत असे. आता दीड इंच ठेवतो आणि रोज शिंपडण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी देतो. पुढची खरेदी मात्र ३८.७ टक्के सी.एस. (औषध सूक्ष्म कुप्यांत बंद असलेल्या) प्रकाराची असेल, कारण त्याचे डाग कमी पडतात. लीटरची बाटली घरच्या लॉनला फारच मोठी होते. उरलेले औषध मी गावी भावाकडे कपाशीसाठी पाठवून देतो.