व्हीलचेअर व्हॅन सर्व्हिस: गाडी मस्त, पण पट्टे स्वतः वाकून बघा

आईला दर आठवड्याला फिजिओला न्यावं लागतं म्हणून तीन महिने ही सर्व्हिस वापरतेय. गाडी स्वच्छ, रॅम्प दणकट, ड्रायव्हर वेळेवर. तरी पाचपैकी तीनच स्टार.

पहिल्या दिवशी ड्रायव्हरदादांनी खुर्ची गाडीला बांधायचे चार पट्टे लावले आणि म्हणाले चला. मी सहज वाकून बघितलं तर पुढचे दोन्ही हुक फूटरेस्टला! अहो तो फूटरेस्ट खटका दाबला की हातात येतो, तो काय खुर्ची धरणार. मागचा एक चाकाच्या स्पोकमध्ये. आईची खुर्ची मुद्दाम आयएसओ ७१७६-१९ वाली (गाडीत सीट म्हणून वापरायच्या व्हीलचेअरचं आंतरराष्ट्रीय मानक) घेतलीय, म्हणजे डमी बसवून ताशी ४८ किमीच्या समोरासमोर धडकेची टेस्ट झालेली, फ्रेमवर चार ठिकाणी हुकाचं चित्रसुद्धा आहे, पण हुक तिथे लावलाच नाही तर त्या टेस्टचा उपयोग काय? म्हटलं तर "ताई रोज असंच लावतो, काही होत नाही". आणि आई पण अशी, म्हणे कशाला बिचाऱ्याला वाकायला लावतेस.

दुसरं म्हणजे खुर्ची बांधली की माणूस बांधला असं समजतात. खुर्चीचा वेलक्रोवाला बेल्ट लावला आणि झालं. तो फक्त नीट बसण्यासाठी असतो हो, जोरात धडक बसली तर तो नाही धरत. गाडीचा कंबर-खांद्याचा बेल्ट वेगळा लागतो, तो कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला, धूळ खात. नंतर काढून लावला तो पण आर्मरेस्टच्या वरून, पोट आणि बेल्टमध्ये माझा अख्खा हात जाईल एवढी फट! मीच सोडून आर्मरेस्टच्या खालून घेतला, खाली कमरेच्या हाडांवर बसेल असा, कारण पोटावर राहिला तर झटक्यात आतल्या आत मार लागतो.

एकदा दुसरे पेशंट पण होते म्हणून आईला आडवं, खिडकीकडे तोंड करून बसवत होते. सरळ नाही म्हटलं, तोंड पुढेच पाहिजे. अर्धा तास थांबलो, आई वैतागली, असू दे.

ऑफिसला फोन केल्यावर मात्र फरक पडला. गेल्या खेपेला दादांनी स्वतःच चारही हुक फ्रेमला लावले, खुर्ची धरून गदागदा हलवून बघितली आणि "ताई तो खुर्चीवरचा ट्रे काढून द्या, खाली ठेवतो" म्हणाले. बदली ड्रायव्हरला पण हे न सांगता जमलं की चौथा स्टार देईन.