खातेबदलाचा परिणाम मोजायचा: आधी-नंतरचे आकडे की फाईलचा माग?

2017 मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र मृद व जलसंधारण विभाग झाला, आयुक्तालय औरंगाबादला आले. त्याचा परिणाम तपासू पाहणारे विद्यार्थी दोन पद्धतींत अडकतात: बदलाच्या आधीचे-नंतरचे आकडे ताडून पाहायचे, की एकेका कामाची फाईल कधी कुठे गेली याचा माग काढायचा.

खर्च आणि वेळ पाहिले तर आधी-नंतरची तुलना स्वस्त; अहवाल तयारच असतात. पण मराठवाड्यात ती हमखास फसवते. 2015 दुष्काळाचे, 2016 चांगल्या पावसाचे, 2018 पुन्हा कोरडे. विहिरींची पातळी पावसाने हलली की खात्याने, हे कसे कळणार? शिवाय लेखाशीर्षे (सरकारी खर्च ज्या शीर्षकांखाली नोंदवतात ती) बदलतात. जुनी-नवी जुळवल्याशिवाय खर्चाची बेरीज करूच नका.

फाईलचा माग कष्टाचा. बदलापूर्वीची 30 आणि नंतरची 30 सिमेंट नाला बांधाची (नाल्यात पाणी अडवणाऱ्या छोट्या बांधाची) कामे निवडा. प्रत्येकाची तांत्रिक मान्यता (आराखडा-अंदाजपत्रकाला), प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला), कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचा) आणि अंतिम देयक (शेवटचे बिल) यांच्या तारखा लिहा. मधले दिवस मोजा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपये, प्रत पानाला 2 रुपये. रखडलेली कामे मुद्दाम घ्या. फक्त पूर्ण झालेली घेतली तर विलंब दिसतच नाही, आणि ही चूक फार होते.

पाणी वाढले का, हे विचारायचे असेल तर आधी-नंतरच, पण पावसाच्या सारख्या वर्षांची जोडी लावून. काम कोणत्या टेबलावर अडते ते शोधायचे असेल तर फाईल.