शेजारच्या बांबूने गडगा ढासळला: समझोता, लोकअदालत की दावा?

कोकणात पाऊस सरला की जागोजागी ढासळलेले गडगे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंती, दिसतात. जांभ्याचे चिरे सुकेच रचलेले असतात. पलीकडच्या माणग्याच्या, म्हणजे कोकणातल्या बांबूच्या, बेटाला दर पावसाळ्यात बाहेरच्या अंगाने नवे कोंब फुटतात, बेट रुंदावत गडग्याला भिडतं, चिऱ्यांना फुगवटा येतो आणि एका जोरदार सरीत चार-पाच हात गडगा खाली येतो. खर्च कोणाचा, यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं.

मार्ग निवडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: गडगा नक्की कोणाच्या जागेत आहे? जुना गडगा म्हणजेच हद्द, असं आपण धरून चालतो, पण आजोबांनी तो चढ-उतार पाहून सोयीने रचलेला असू शकतो. त्याबद्दल शंका असेल तर आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात येते. वेळ आणि पैसा दोन्ही जातात, तरी मी मोजणीच आधी करायला सांगेन. हद्दच वादात असेल तर पुढचा कुठलाही मार्ग तिथेच अडतो.

हद्दीबद्दल दुमत नसेल, तर आपसातला समझोता सगळ्यात स्वस्त. बांबूच्या बाबतीत तो सोपाही आहे, कारण झाड तोडायचंच नसतं. गडग्याकडचे कोंब दरवर्षी काढायचे, मध्ये चर खणायची आणि चिरे रचायची मजुरी वाटून घ्यायची, एवढं ठरलं तरी पुरतं. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतली समिती तुमच्या गावात जागी असेल तर चार माणसांसमोर हे कागदावर आणा. त्या कागदाची अडचण एवढीच की शेजारी दोन वर्षांनी विसरला, तर केवळ त्याच्या बळावर अंमलबजावणी करून घेता येत नाही.

म्हणूनच मला लोकअदालत अधिक पटते. दावा दाखल नसतानाही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. तिथे झालेल्या तडजोडीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. बांबू दरवर्षी वाढणार, तेव्हा 'दर पावसाळ्यानंतर बेट छाटीन' ही अट अशा बळाच्या कागदावर असणं मोलाचं. मात्र शेजारी यायलाच तयार नसेल तर लोकअदालत काही करू शकत नाही.

मग उरतो दिवाणी दावा. मनाई हुकूम आणि भरपाई दोन्ही मागता येतात, पण वर्षं जातात, आणि पाच हात गडग्यापेक्षा वकिलाची फी जास्त होऊ शकते. गडगा मोठा असेल, नुकसान दरवर्षी होत असेल आणि पावसाआधीचे-नंतरचे फोटो, गवंड्याचा लेखी अंदाज हाताशी असेल, तरच त्या वाटेला जा. झाड घरावर किंवा पायवाटेवर पडण्याच्या बेतात असेल तर मात्र थांबू नका. प्रांताधिकाऱ्यांकडे धोकादायक झाडाबद्दल अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये त्याची तरतूद आहे.

कोयता उचलून मोकळं व्हायचा मोह होतो. बांबूला २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळलं आहे. आंबा आणि फणस मात्र वृक्षतोडीवर नियंत्रण आणणाऱ्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत आहेत आणि नगरपालिका हद्दीत झाडांच्या जतनाच्या १९७५ च्या कायद्यानुसार झाडाला हात लावण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तुमच्या बाजूला आलेली फांदी छाटायची तरी शेजाऱ्याला आधी लेखी कळवा, त्याच्या आवारात पाऊल टाकू नका.

आणि गडग्याच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून उंबर किंवा पिंपळ रुजला असेल, तर त्याचा दोष शेजाऱ्याच्या माथी मारू नका. तो बोटभर असतानाच मुळासकट उपटा.