एक इंजिन, तीन गाड्या: फियाट डिनो कूपे, फियाट डिनो स्पायडर की डिनो २४६ जीटी?

मुंबईत ‘फियाट’ म्हटलं की आजही डोळ्यांपुढे काळी-पिवळी टॅक्सी येते. त्यामुळे फियाटचा बिल्ला मिरवणाऱ्या एका गाडीच्या बॉनेटखाली फेरारीचं व्ही-सिक्स, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या सहा सिलिंडरचं इंजिन बसलंय, हे ऐकणाऱ्याला चटकन पटत नाही. गंमत पुढेच आहे. तेच इंजिन घालून फेरारीने डिनो २४६ जीटी ही जी गाडी स्वतः काढली, तिच्यावर कारखान्यातून निघताना फेरारीचा बिल्लाच नव्हता. नुसतं ‘डिनो’. आज २४६ च्या नाकावर उधळलेला घोडा दिसला, तर तो बहुधा नंतर कुणीतरी हौसेने चिकटवलेला असतो.

डिनो म्हणजे एन्झो फेरारींचा मुलगा आल्फ्रेदो. तो १९५६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, स्नायूंच्या दुर्धर आजाराने गेला. इंजिनं आखणारे व्हित्तोरिओ यानो यांच्या मार्गदर्शनाखाली फेरारीत जी व्ही-सिक्स इंजिनं घडली, त्यांना त्याचं नाव मिळालं. त्या इंजिनाला रस्त्यावर आणलं ते मात्र रेसिंगच्या एका नियमाने. १९६७ पासून फॉर्म्युला टू या फॉर्म्युला वनच्या खालच्या स्पर्धेत १.६ लिटरचं आणि जास्तीत जास्त सहा सिलिंडरचं इंजिन चालणार होतं, पण त्याचा ब्लॉक वर्षाला किमान ५०० नग निघालेल्या गाडीचा हवा होता. एवढ्या गाड्या काढणं तेव्हाच्या फेरारीच्या आवाक्यात नव्हतं. १९६५ मध्ये फियाटशी करार झाला आणि इंजिन रोजच्या उत्पादनाला योग्य करण्याचं काम ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्याकडे आलं. ते एकेकाळी फेरारीतच इंजिनं आखत असत. पिनिनफारिना या बॉडी आखणाऱ्या कंपनीची उघड्या छपराची फियाट डिनो स्पायडर १९६६ च्या तुरिन प्रदर्शनात आली, तशाच बर्टोने कंपनीची बंद छपराची कूपे १९६७ मध्ये जिनिव्हात.

हा इतिहास खरेदीदाराच्या खिशाशी थेट जोडलेला आहे. इंजिन एकाच घराण्यातलं, म्हणून त्याच्या दुरुस्तीचं बिलही तिन्ही गाड्यांत जवळपास सारखंच. किमती मात्र सारख्या नाहीत. एका चांगल्या २४६ जीटीच्या पैशात पाच-सहा बऱ्या कूपे येतात, आणि स्पायडर या दोघींच्या मधे कुठेतरी असते. स्वस्त म्हणून कूपे घेणारे इथेच फसतात. गाडी फियाटच्या भावात मिळते, पण इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडलं की फेरारीचा भाव सुरू होतो. २४६ मध्ये इंजिनाचं पूर्ण काम हा गाडीच्या किमतीचा लहान हिस्सा असतो. दमलेल्या कूपेत तेच काम गाडीच्या किमतीला गाठू शकतं. म्हणून तर कित्येक कूपे केवळ इंजिनासाठी मोडल्या गेल्या. त्यांची इंजिनं २४६ मध्ये गेली, लान्सिया स्ट्रॅटोसच्या नकलांत गेली.

आधी आकडे पाहून घ्या.

| | कूपे २४०० | स्पायडर २.० | २४६ जीटी |
|---|---|---|---|
| इंजिनाची जागा | पुढे, गाडीच्या लांबीत | पुढे, गाडीच्या लांबीत | सीटच्या मागे, आडवं |
| क्षमता | २४१८ सीसी | १९८७ सीसी | २४१८ सीसी |
| ब्लॉक | ओतीव लोखंड | ॲल्युमिनियम | ओतीव लोखंड |
| ताकद (पीएस म्हणजे अश्वशक्ती) | १८० पीएस | १६० पीएस | १९५ पीएस |
| व्हीलबेस | २५५० मिमी | २२८० मिमी | २३४० मिमी |
| बसायला | चार | दोन आणि पिशव्या | दोन |
| टायर | २०५/७० व्हीआर १४ | १८५ एचआर १४ | २०५/७० व्हीआर १४ |

स्पायडर २.० सुमारे ११६० निघाल्या आणि स्पायडर २४०० सव्वाचारशेच्या आत. खरी दुर्मीळ तीच. कूपे दोन्ही इंजिनांच्या मिळून सहा हजारांच्या थोड्या वर, आणि २४६ जीटी व तिची छप्पर काढता येणारी बहीण जीटीएस मिळून ३७६१. म्हणजे डिनोचा सगळा दिमाख ज्या २४६ भोवती फिरतो, ती या घराण्यात सर्वांत दुर्मीळ नाहीच. (ॲल्युमिनियम बॉडीची तिची पूर्वज २०६ जीटी दीडशेच्या आसपास निघाली, पण तिचा बाजार वेगळा आणि ग्राहकही वेगळा.)

दोन लिटर की चोवीसशे?

फियाट घ्यायची ठरली, तर खरा प्रश्न हा आहे. कूपे की स्पायडर, हे नंतर.

दोन लिटरचं इंजिन ८६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि अवघ्या ५७ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव). १६० पीएस मिळतात ते ७२०० आरपीएमला. खाली ते सुस्त वाटतं आणि पाच हजारांनंतर जागं होतं. कान असलेल्या माणसाला याहून गोड डिनो नाही. त्याची किंमत मागच्या बाजूला मोजावी लागते. तिथे अखंड ॲक्सल आहे, एकपानी लीफ स्प्रिंगांवर. गुळगुळीत रस्त्यावर ठीक, पण वळणात खड्डा आला की शेपूट उडी मारते.

१९६९ च्या अखेरीस आलेल्या २४०० मध्ये फियाट १३० या मोठ्या सेडानवरून घेतलेलं स्वतंत्र मागचं सस्पेन्शन आहे, झेडएफ या जर्मन कंपनीचा पाच गतींचा गिअरबॉक्स आहे आणि ब्रेकही मोठे आहेत. १८० पीएस ६६०० लाच मिळतात, टॉर्क खालूनच येतो. झेडएफमध्ये पहिला गिअर डावीकडे खाली असतो. आठवडाभर हात चुकतो, मग सवय होते. डिसेंबर १९६९ पासून या गाड्यांची अखेरची जुळणी मारानेल्लोत, फेरारीच्या कारखान्यात होऊ लागली. विक्रेते हे वाक्य फार रंगवून सांगतात. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका, मागच्या सस्पेन्शनसाठी जरूर मोजा.

ब्लॉकचाही विचार करा. ॲल्युमिनियमचा ब्लॉक हलका असतो, पण वर्षानुवर्षं साधं पाणी घालून चालवलेला असेल तर पाण्याच्या वाटा आतून खाल्लेल्या निघतात. रेडिएटरची टोपी उघडून पाहा. तपकिरी गढूळ पाणी दिसलं की पुढचा हिशेब दुप्पट धरा. लोखंडी ब्लॉक जड, पण सोशिक.

कूपे की स्पायडर?

कूपेत चार माणसं खरोखर बसतात, डिकी कामाची आहे आणि लांब व्हीलबेसमुळे हायवेला ती शांत असते. बर्टोनेसाठी जुजारोंनी आखलेली तिची रेष साधी आहे, फोटोत उठून दिसत नाही, प्रत्यक्षात दिसते. स्पायडरचे फुगीर मडगार्ड लोकांना वळून बघायला लावतात आणि किंमतही त्याचीच आहे.

गंज दोघींनाही. कूपेत काचांच्या बुडाशी, हेडलाइटभोवती, सिलमध्ये (दाराखालच्या पट्टीत), चाकांच्या कमानीत आणि डिकीच्या तळात बघा. स्पायडरमध्ये हेच सगळं, शिवाय छपरातून झिरपलेलं पाणी फ्लोअरमध्ये साठतं. सिलवर पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पुटी भरलेली आहे. स्पायडरचे पत्रे हाताने जुळवलेले असल्यामुळे एका गाडीचं मडगार्ड दुसरीला सरळ बसत नाही, ठोकून-घासून बसवावं लागतं. कूपेचे मागचे दिवे, बंपर, डॅशबोर्डचे तुकडे शोधणं इंजिनाच्या भागांपेक्षा अवघड आहे. म्हणून यांत्रिक काम बाकी असलेली पण पूर्ण गाडी ही चकाचक रंगवलेल्या, चार तुकडे गायब असलेल्या गाडीपेक्षा बरी. आणि नाव फियाट असलं तरी पद्मिनीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हिच्यासाठी काही मिळणार नाही.

२४६ जीटी

इंजिन पाठीमागे आडवं, वजन १०८० किलोच्या आसपास, आणि खिडकीतून दिसणारी पुढच्या मडगार्डांची दोन वळणं. पिनिनफारिनाच्या या आकाराची बॉडी मोदेनाला स्कालिएत्तींच्या बॉडी-कारखान्यात घडत असे. वळणावर ती फियाटपेक्षा वेगळ्याच जातीची आहे, यात वाद नाही. चालवायला ती हवी असेल तर दुसरी गाडी ती भूक भागवणार नाही.

पण तिचे त्रासही तिचेच. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे पाण्याचे लांब पाइप गाडीच्या पोटातून जातात. ते आतून सडतात. पाणी बदलल्यावर हवा नीट काढली नाही तर गेज सामान्य दाखवतं आणि हेड तापतं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्रोलच्या टाक्यांना गंज लागला की त्याचा चुरा थेट कार्बोरेटरमध्ये. केबिनकडच्या तीन सिलिंडरचं कुठलंही काम हात घालायला जागा नसल्याने दुप्पट वेळ खातं आणि मजुरीत ते दिसतं. थंड असताना दुसरा गिअर अडतो. पहिल्यातून थेट तिसऱ्यात टाकत चालवायचं, तेल तापलं की तो आपोआप पडतो. तापल्यावरही कुरकुरला, तर सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी कडी) गेला.

नकली रूपांतरं हा २४६ चा खास आजार. डिनोचे चासी क्रमांक सम असतात. विषम दिसला की तिथेच थांबा. जीटीएस १९७२ पासून आली. तिला दारामागच्या बाजूच्या खिडकीची काच नसते, त्या जागी तीन फटी असतात. जीटीचं छप्पर कापून केलेल्या जीटीएसमध्ये हा भाग हमखास घाईत उरकलेला असतो. पहिल्या, एल मालिकेच्या गाड्यांना मधल्या एकाच नटाची चाकं, नंतरच्या एम आणि ई मालिकांना पाच बोल्टची. रुंद मडगार्ड आणि फेरारी डेटोनाच्या धर्तीच्या सीट असलेल्या गाडीला मोठी जादा किंमत येते, म्हणून ते मूळ कारखान्याचे असल्याचे कागद मागा.

तिन्हींत समान तपासणी

इंजिनावरचा प्रकार क्रमांक आधी वाचा. फियाट दोन लिटर १३५ बी, फियाट २४०० म्हणजे १३५ सी, २४६ चं १३५ सीएस. २४६ मध्ये १३५ सी निघालं तर गाडी चालेल, पण किंमत उतरली पाहिजे.

गाडी थंड असतानाच पोहोचा, आणि आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू करताना पुढून साखळीचा खळखळाट येतो का ऐका. क्षणभर आला तर ताण द्यायचा राहिलाय, येतच राहिला तर साखळ्या आणि टेन्शनर (साखळी ताणणारे भाग) बदलायचे. तेल तापेपर्यंत तीन हजारांच्या वर नेऊ नका. विक्रेता नेत असेल तर गाडी आजवर कशी वापरली गेली ते कळलंच. पुढे उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबा. निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत. मग सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन घ्या. सहा आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको.

तीन वेबर कार्बोरेटर जुळवणं ही कटकट म्हणून बदनाम आहे, पण खरा दोष बहुतेकदा जुळवणीत नसतोच. थ्रॉटलचे दांडे झिजतात, तिथून हवा शिरते आणि गाडी आयडलला हेलकावे खाते. अशा कार्बोरेटरवर स्क्रू फिरवत बसणं व्यर्थ, आधी बुश बदला. व्हॉल्व्हची क्लिअरन्स (मोकळी फट) शिम म्हणजे पातळ चकत्या बदलून बसते, त्यामुळे ती शेवटी कधी मोजली याची नोंद मागा. मॅग्नेटी मारेल्लीचं डिनोप्लेक्स हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन काही सूचना न देता बंद पडतं. जुन्या डब्यात आधुनिक सर्किट बसवलेलं असेल तर नाक मुरडू नका, ते शहाणपणाचं लक्षण आहे.

भारतात आणायची असेल तर

परदेशव्यापार महासंचालनालयाने २०२५ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची आयात खुली केली, त्यामुळे या तिन्ही आता त्या मर्यादेत बसतात. शुल्काचा अंदाज मात्र गाडी ठरवण्याआधीच कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या. नोंदणी विंटेज नियमांखाली, ‘व्हीए’ मालिकेत होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मेळावे, रॅली, देखभाल यासाठी ती रस्त्यावर काढता येते, रोज ऑफिसला नेता येत नाही. फियाट डिनो फक्त डाव्या स्टिअरिंगची निघाली. उजव्या स्टिअरिंगची हवी असेल तर ब्रिटनसाठी बनलेल्या २४६ कडेच वळावं लागतं. इथल्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात आणि गळतात, म्हणून पहिल्या टाकीआधी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉल सहन करणारे बसवा. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हे आगीचं सर्वांत साधं कारण.

मग कुठली?

कुटुंब घेऊन खंडाळ्याला किंवा आल्प्सला जायचं असेल तर कूपे २४००, पण इंजिनाच्या कामाची बिलं असलेलीच. बिलं नसतील तर किमतीतून पूर्ण इंजिनाचा खर्च वजा करा, आणि विक्रेता ऐकत नसेल तर उठा. आवाजासाठी आणि उघड्या छपरासाठी स्पायडर २.०. स्पायडर २४०० सगळ्यात परिपूर्ण फियाट, पण तिच्या किमतीत दुर्मीळपणाचा वाटा इतका आहे की चालवताना तो मिळत नाही. २४६ घ्यायची तर जीटी घ्या, जीटीएस नको. छप्पर पक्कं असल्याने बॉडी ताठ राहते आणि पैसेही कमी लागतात.

टायर बघायला विसरू नका. या गाड्या इतक्या कमी चालतात की नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. दहा वर्षांपूर्वीचा असेल, किंवा शिक्का तीनच आकडी म्हणजे २००० च्या आधीचा असेल, तर चाचणी ड्राइव्ह हळू घ्या आणि चार टायरचे पैसे भावातून कापा.