पुरात गेलेलं भात: रडार, कॅमेरा की बांधावरचा पंचनामा?

कोकणातल्या शेतकरी गटाला किंवा ग्रामपंचायतीला पुराच्या नुकसानीसाठी उपग्रहाची चित्रं वापरायची असतील, तर आधी आपली शेती कुठे आहे ते बघावं: खाडीकाठच्या खाजणात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत) की डोंगरउतारावरच्या खाचरांत. कोणता उपग्रह घ्यायचा, ते त्यावरच ठरतं.

फुकट मिळणाऱ्या चित्रांत दोन नावं कामाची. सेंटिनेल-1 रडारचा आहे. ढग असोत की रात्र, त्याला दिसतं. सेंटिनेल-2 चा कॅमेरा उजेडावर चालतो, दोन उपग्रह मिळून 5 दिवसांनी फेरी होते आणि चित्र डोळ्यांना लगेच कळतं. कागदावर हाच सरस. पण जुलै-ऑगस्टमधलं कोकणाचं चित्र उघडलं की बहुतेक वेळा नुसते ढग. भर पावसात पाणी कुठवर चढलं हे हवं असेल, तर रडारला पर्याय नाही.

रडारचं चित्र वाचणं मात्र सोपं नाही. शांत पाणी रडारच्या लहरी आरशासारख्या दुसरीकडे परतवतं, म्हणून ते काळं दिसतं. पण लावणी झालेल्या खाचरात पाणी असतंच, तेही काळंच दिसणार. भात उंच झालं असेल आणि बुंध्याशी पाणी असेल, तर तोच भाग उलट उजळू शकतो. सह्याद्रीच्या कुशीत डोंगराआडची रडार-सावलीही काळी असते, तिला पूर समजू नये.

त्याहून मोठी अडचण वेळेची. सेंटिनेल-1 च्या एका उपग्रहाची त्याच मार्गावरची फेरी 12 दिवसांनी येते आणि आपल्या नद्या आखूड. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण बुडालं. असा पूर जितक्या वेगाने चढतो तितक्याच वेगाने खाडीकडे उतरतो. उपग्रह येईपर्यंत शेतात गाळ उरलेला असतो. खाजणात तसं नाही. भरतीमुळे पाणी अडतं, बांधाला खांड पडली तर दिवसेंदिवस हटत नाही, आणि तेवढ्या वेळात रडारच्या तावडीत ते सापडण्याची शक्यता बरीच वाढते.

आकाराचंही बघा. 10 मीटर बाय 10 मीटरचा एक ठिपका म्हणजे जवळपास एक गुंठा. रडारचा खरा तपशील तर साधारण 20 मीटरचा, म्हणजे चार गुंठे. दोन-तीन गुंठ्यांचं खाचर, मध्ये बांध, कडेला झाडं, हे सगळं एकाच ठिपक्यात कालवलं जातं. खाजणाच्या सलग पट्ट्यात हा त्रास फारसा नाही.

ढग सरल्यावर, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात, कॅमेऱ्याचा खरा उपयोग. कुठे गाळ बसला, कुठे खारं पाणी शिरून पीक करपलं, हे हिरवेपणाच्या निर्देशांकात उतरतं. फक्त हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तेव्हा आपसूक पिवळं पडत असतं. हळवं कुठे, उशिरा पिकणारं गरवं कुठे, हे गावातल्या माणसाने सांगितल्याशिवाय त्या चित्रावर विसंबू नका. परतीच्या पावसात आडव्या पडलेल्या लोंब्यांना कोंब फुटले, तर ते रडार आणि कॅमेरा दोघांनाही दिसत नाहीत.

ड्रोन ढगांखालून उडतो, बारकावाही भरपूर देतो. पण पावसात-वाऱ्यात तो चालत नाही आणि खर्च आपल्या खिशातून.

सरकारी मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. पाणी कुठे होतं हे उपग्रह सांगेल, पीक किती टक्के गेलं हे पंचनाम्यातच ठरतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: उताराच्या खाचरांसाठी चित्रांमागे लागू नका. तारीख आणि ठिकाण नोंदवणारे मोबाइल फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना बांधावर आणा. खाजणासाठी मात्र रडारचं पुराआधीचं आणि नंतरचं चित्र, जोडीला ऑक्टोबरचं कॅमेऱ्याचं, एवढं जरूर करा. त्यावर गट नंबर टाकून दिले, तर आधी कुठे जायचं हे पंचनाम्याच्या पथकाला कळेल.

पुराआधीचं चित्र लावणीनंतरचं आणि त्याच मार्गावरून घेतलेलं निवडा. मेमधलं घेतलंत, तर लावणीसाठी साठवलेलं सगळं पाणी पुरात मोजलं जाईल.