‘अमेरिकन टॉप ४०’च्या जुन्या भागांचे पुनःप्रसारण : एका गीतमाला-वेड्याचा अभिप्राय

गेले वर्ष-दीड वर्ष दर शनिवार-रविवारी मी इंटरनेटवरून ‘अमेरिकन टॉप ४०’ या, आठवड्याची चाळीस लोकप्रिय गाणी चाळिसाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत लावणाऱ्या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमाचे सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले जुने भाग ऐकत आहे. निवेदक केसी केसम यांच्या आवाजातले हे मूळ भाग २००६ साली तिथल्या एका उपग्रह-रेडिओ सेवेवर पुन्हा लागू लागले आणि त्याच सुमारास ‘सेव्हन्टीज’ व ‘एटीज’ अशा दोन वेगळ्या मालिकांच्या रूपाने निरनिराळ्या शहरांतल्या केंद्रांकडेही जाऊ लागले. आज कोणत्या ना कोणत्या केंद्राच्या थेट प्रसारणावर ते कुठूनही ऐकता येतात. निकाल आधीच सांगून टाकतो : कार्यक्रम अव्वल आहे, जुन्या ध्वनिमुद्रणांची डागडुजी चांगली आहे, मात्र तो आपल्यापर्यंत ज्या अवस्थेत पोहोचतो तिच्याबद्दल तक्रारीला जागा आहे आणि ती तक्रार पुढे सविस्तर येईलच.

माझा कान गीतमालेवर तयार झालेला असल्यामुळे तुलना टाळणे मला शक्य नाही. १९५२ साली आकाशवाणीने चित्रपटसंगीताकडे पाठ फिरवली, रेडिओ सिलोनने तीच संधी साधली आणि त्या वर्षाच्या अखेरीस हिंदी चित्रपटगीतांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता लघुलहरींवर वर-खाली होणाऱ्या आवाजाला कान लावून बसलेली माणसे आणि ‘बहनों और भाइयों’ ही साद यांबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही. एक योगायोग मात्र सांगण्यासारखा आहे. गीतमालेचे निवेदक अमीन सयानी आणि केसी केसम हे दोघेही १९३२ साली जन्मले, आणि दोघांनीही गाण्यांचे आकडे वाचण्याच्या रूक्ष कामातून एक स्वतंत्र कला उभी केली. केसम यांचा कार्यक्रम सुरू झाला १९७० च्या जुलैमध्ये, म्हणजे गीतमालेनंतर तब्बल सतरा-अठरा वर्षांनी, आणि तोही अवघ्या सात केंद्रांवर. त्यामुळे आपल्याकडे कोणी गीतमालेला अमेरिकी कार्यक्रमाची नक्कल म्हणू लागले, तर निदान या कार्यक्रमाच्या बाबतीत तारखा आपल्या बाजूने आहेत.

दोन्ही कार्यक्रमांचा खरा फरक त्यांच्या जतनात आहे, आणि पुनःप्रसारणाचे परीक्षण करताना तोच कळीचा ठरतो. गीतमालेचे भाग मुंबईत फितीवर मुद्रित होत आणि त्या फिती विमानाने कोलंबोला जात. एका केंद्रासाठी एक फीत पुरे असल्याने प्रतींचा प्रश्नच नव्हता. अमेरिकी कार्यक्रम मात्र शेकडो स्वतंत्र केंद्रांना विकला जाई, म्हणून प्रत्येक आठवड्याचा भाग चक्क लाँगप्ले तबकड्यांवर छापून टपालाने रवाना होई. तबकडीच्या एका बाजूवर साधारण अर्धा तास, म्हणजे तीन तासांच्या भागाला तीन तबकड्या. सोबत कोणत्या मिनिटाला काय आहे आणि स्थानिक जाहिरातींसाठी जागा कुठे सोडली आहे, हे सांगणारा कागद असे. धंद्याच्या सोयीसाठी केलेल्या या छपाईमुळे एकाच आठवड्याच्या कितीतरी प्रती देशभर पसरल्या आणि त्यांतल्या काही संग्राहकांच्या कपाटांत टिकल्या. आज आपण जो १९७० च्या दशकातला एखादा आठवडा गाण्यांसह, निवेदनासह आणि मधल्या सुरावटींसह सलग ऐकू शकतो, त्याचे बरेचसे श्रेय या तबकड्यांना आहे. गीतमालेचे मूळ भाग मात्र फार थोडे कानावर पडतात, आणि जे पडतात तेही तुकड्यातुकड्यांनी.

आता प्रत्यक्ष ऐकण्याच्या अनुभवाविषयी. पुनःप्रसारणात आठवडा कॅलेंडरशी जुळवलेला असतो. म्हणजे आज मार्चचा दुसरा आठवडा असेल तर ऐंशीच्या दशकातल्या कोणत्यातरी एका वर्षाचा मार्चचा दुसरा आठवडा लागतो. कोणते वर्ष येणार हे मी मुद्दाम आधी पाहत नाही. चाळिसाव्या क्रमांकाचे गाणे सुरू होते, केसम त्या आठवड्याची तारीख सांगतात आणि पहिल्या पाच-सात गाण्यांतच काळाचा रंग कळू लागतो. १९७० चा भाग असेल तर गिटार आणि भरदार कोरस ऐकू येतात, १९७९ चा असेल तर डिस्कोचा ठेका हटता हटत नाही, आणि १९८३ नंतरचा असेल तर सिंथेसायझर ढोलाची जागा घेऊन बसलेला असतो. संगीताच्या इतिहासावरची पुस्तके हे बदल प्रकरणांच्या मथळ्यांत दाखवतात, पण इथे ते एकाच यादीत एकमेकांना धक्काबुक्की करताना ऐकू येतात. तिसाव्या क्रमांकावर मावळणारी शैली असते, एकतिसाव्यावर उगवणारी, आणि त्या आठवड्यातल्या श्रोत्याला त्यांतली कोणती कोणती आहे हे ठाऊक नसते.

माझ्या मते या पुनःप्रसारणाचा सगळा जीव या ‘ठाऊक नसण्यात’ आहे. जुलै १९७० च्या पहिल्याच भागात पाच भावांच्या एका वाद्यवृंदाचे गाणे वरच्या क्रमांकांत आहे आणि ते गाणारा सर्वांत धाकटा मुलगा मायकेल जॅक्सन त्या वेळी अकरा वर्षांचा आहे. पुढे काय घडणार आहे याचा निवेदकाच्या स्वरात मागमूस नाही, असूच शकत नाही. तो पुढच्या आठवड्यात हे गाणे किती घसरेल एवढीच चिंता वाहतो. आजच्या एखाद्या निवेदकाने हीच गाणी याच क्रमाने लावली असती, तर प्रत्येकामागे ‘याच गायकाने पुढे इतिहास घडवला’ अशी पुस्ती जोडली असती आणि तो सगळा आठवडा आपल्या काळात ओढून आणला असता. पुनःप्रसारण आणि आठवणींचा कार्यक्रम या दोहोंतला भेद नेमका इथे आहे आणि बहुतेक केंद्रचालकांना तो उमगलेला नाही, असे मला वाटते.

केसम यांच्या निवेदनाबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. त्यांचा आवाज काही विशेष भारदस्त नाही, किंबहुना थोडा किरटाच आहे. कार्टूनमधल्या स्कूबी-डूच्या शॅगीला त्यांनीच आवाज दिला होता हे कळल्यावर तो आवाज ओळखीचा का वाटतो त्याचा उलगडा होतो. पण जाहिरातीच्या आधी एखाद्या गायकाची गोष्ट अर्धी सोडून द्यायची, नाव सांगायचे नाही, आणि परत आल्यावर गोष्ट पुरी करत नावाच्या शेवटच्या अक्षरावर गाण्याचा पहिला ठोका अचूक आणून ठेवायचा, ही त्यांची हातोटी कीर्तनकाराने आख्यान रंगात असताना मध्येच अभंगाला हात घालावा तशी आहे. गीतमालेत सरताज गीताआधी बिगूल वाजे. इथे पहिल्या क्रमांकाआधी ड्रम घुमतो. चाळीस गाण्यांची पायरी चढून आल्यावर तो घुमला की, उत्तर आधीच ठाऊक असूनही, मी आवाज थोडा वाढवतोच.

याच्या उलट १९७८ पासून सुरू झालेल्या ‘लाँग डिस्टन्स डेडिकेशन’ या सदराबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. दूरच्या माणसासाठी श्रोत्याने पाठवलेले पत्र केसम वाचून दाखवतात आणि मग ते गाणे लागते, अशी त्याची मांडणी आहे. काही पत्रे खरोखर मनाला भिडतात, परंतु बऱ्याच पत्रांत दुःख इतके पाघळते की गाण्याला बोलण्यासारखे काही उरत नाही. शिवाय हे गाणे त्या आठवड्याच्या यादीतले असेलच असे नाही, त्यामुळे क्रमवारीची चाल अडते. ओळखीतले अनेक श्रोते याच सदरासाठी ऐंशीचे भाग ऐकतात, आणि या मुद्द्यावर आमचे कधीच जुळलेले नाही.

आता तक्रारी. मूळ कार्यक्रम १९७८ च्या ऑक्टोबरपर्यंत तीन तासांचा होता. गाणी लांबत चालल्याने चाळीस गाणी तीन तासांत बसेनात, म्हणून तो चार तासांचा झाला. आजच्या केंद्रांना चार तास द्यायचे नसतात, म्हणून ऐंशीच्या भागांतला पहिला तास वगळण्याची मुभा त्यांना दिलेली असते. मी सुरुवातीला ज्या केंद्रावर ऐकत होतो, तिथे नेमके हेच होत असे. कार्यक्रम थेट तिसाव्या क्रमांकाच्या आसपास सुरू होई आणि यादीत नव्याने शिरलेली, पुढे कदाचित कुठेच न पोहोचलेली दहा गाणी कापली जात. ज्यांना फक्त गाजलेली गाणी ऐकायची आहेत त्यांचे यात काही बिघडत नाही, पण त्यांच्यासाठी गाजलेल्या गाण्यांचे इतर हजार कार्यक्रम आहेत. खालची दहा गाणी हाच या कार्यक्रमाचा दुर्मीळ भाग आहे. तीच गाणी नंतर कोणी कधी लावत नाही. वरच्या दहांसाठी खालच्या दहांचा बळी देणे म्हणजे आंब्याची पेटी घेऊन वरचा थर तेवढा ठेवण्यासारखे आहे.

दुसरी तक्रार ‘एक्स्ट्रा’ गाण्यांची. जाहिराती कमी पडल्या की रिकामी राहणारी जागा भरण्यासाठी त्याच काळातले एखादे अधिकचे गाणे वेगळ्या, आजच्या निवेदकाच्या आवाजात देण्याची सोय वितरकांनी करून ठेवली आहे. ही सोय ऐच्छिक आहे आणि समजूतदार केंद्र ती क्वचितच वापरते. पण त्याच पहिल्या केंद्रावर मी एकदा एका तासात अशी तीन गाणी मोजली. १९७५ च्या आठवड्यात रमलेल्या माणसाला मध्येच आजचा चकचकीत आवाज ऐकू आला की चित्रपटगृहात दिवे लागल्यासारखे होते. त्याच केंद्राने एका रविवारी पहिल्या क्रमांकाच्या गाण्यावर, शेवटचे कडवे बाकी असताना, बातम्या चढवल्या. चार आठवडे वाट पाहून मी केंद्र बदलले. आता ज्या केंद्रावर ऐकतो तिथे चारही तास पूर्ण लागतात आणि केसम यांचा ‘पाय जमिनीवर ठेवा आणि तारे गाठायचा प्रयत्न सोडू नका’ हा निरोपही शेवटपर्यंत ऐकू येतो.

श्रोत्यांमध्ये सर्वांत तापणारा वाद आवाजाच्या शुद्धतेचा आहे. डागडुजी करताना तबकडीची खरखर किती काढावी? एका गटाचे म्हणणे असे की आवाज स्वच्छ करता येत असेल तर तो पुरता करावा, आणि मूळ भागात वेळ जुळवण्यासाठी छाटलेली गाणी आता पूर्ण लावावीत. दुसरा गट म्हणतो की छाटणी हीदेखील त्या आठवड्याची नोंद आहे. मी दुसऱ्या गटात आहे. खरखर काढायला माझी हरकत नाही, कारण ती त्या वेळच्या श्रोत्याने ऐकलेली नव्हती, ती नंतरच्या हाताळणीतून आली आहे. पण गाण्याचे मधले कडवे निर्मात्यांनीच कापले असेल तर ते कापलेलेच राहावे. हा निकष लावला की वाद बराच निवळतो, निदान माझ्यापुरता तरी.

क्रमवारीच्या विश्वासार्हतेबाबत अमेरिकी कार्यक्रमाचे पारडे जड आहे, हे गीतमालेच्या चाहत्यानेही मान्य करावे. त्याची यादी कार्यक्रम तयार करणारे ठरवत नसत. ती ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या ‘हॉट १००’ मधून येई आणि छापील अंकाशी कोणालाही ताडून पाहता येई. गीतमालेची क्रमवारी रेकॉर्डविक्रेत्यांकडचे खपाचे आकडे आणि देशभरातल्या श्रोतासंघांची मते मिळवून कार्यक्रमाचीच मंडळी लावत असत. त्यामुळे ‘अमुक गाणे सरताज कसे झाले’ हा वाद आपल्याकडे पन्नास वर्षे जिवंत आहे, आणि खरे सांगायचे तर त्या वादातही एक गंमत आहे जी छापील आकड्यांत सापडत नाही.

गीतमालेची तहान भागवण्यासाठी ‘गीतमाला की छाँव में’ ही ध्वनिमुद्रित मालिका आहे आणि ती मी अनेकदा ऐकली आहे. सयानींनी उतारवयात, मूळ कार्यक्रमाचे उपलब्ध तुकडे हाताशी घेऊन, त्या त्या वर्षांची गाणी पुन्हा सादर केली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले तेव्हा मी पहिल्यांदा तीच लावली. आवाजातला गोडवा शेवटपर्यंत टिकला होता. पण ती आठवणीतून सांगितलेली गीतमाला आहे. १९५५ च्या एका बुधवारी, पुढच्या बुधवारी काय होईल हे माहीत नसताना बोललेले सयानी तिच्यात अधूनमधून, काही क्षण, डोकावतात. ते क्षण आले की मी हातातले काम थांबवतो. केसम यांचे शेकडो भाग अखंड उपलब्ध असल्याचा हेवा मला नेमका त्याच वेळी वाटतो.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्यांनी सत्तरच्या मालिकेपासून सुरुवात करावी. तीन तासांचे भाग आटोपशीर आहेत, त्यांत कापायला फारसे काही नसल्यामुळे ते बहुधा पूर्ण मिळतात, आणि डेडिकेशनचे सदर १९७८ पर्यंतच्या भागांत नाही. केंद्र निवडताना पहिले गाणे कोणत्या क्रमांकाचे लागते एवढे तपासावे. चाळिसाव्याचे नसेल तर दुसरे केंद्र शोधावे. आणि त्या आठवड्याचे पहिल्या क्रमांकाचे गाणे कोणते होते हे ड्रम घुमण्याआधी कुठेही पाहू नये.